‘शिकतोयस का?’

(उन्हाळी सुट्टीआधी महाविद्यालयीन मुला-मुलींसमोर केलेले भाषण)



परीक्षा संपत आल्या आहेत आणि तुमच्यातले बरेच जण सुट्टीतलं काम शोधताय. म्हणून मला करिअरवर बोलायला सांगितलंय. मी मात्र एका खोट्याबद्दल बोलणार आहे. खोटं माझंच आहे.

२०१० साल. माझं इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष संपलं होतं. सांगलीत इलेक्ट्रिकल सामानाच्या एका दुकानावर ‘मुलगा पाहिजे’ अशी पाटी दिसली. शेठनी पहिलाच प्रश्न केला, “शिकतोयस का?” मी म्हणालो, “नाही शेठ, बारावीनंतर सोडलं.” हे उत्तर घरून निघतानाच ठरलं होतं. मित्र सांगायचे, कॉलेजचं नाव काढलंस की गेलं काम. शिवाय मनात आणखी एक हिशोब होता. आपलं नाव ऐकूनच समोरचा जरा थबकतो, त्यात ‘दोनच महिने’ म्हटलं तर कोण ठेवणार?

ही भीती मनाचे खेळ नाहीत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात खासगी कंपन्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. तेव्हा घाबरू नका असं मी म्हणत नाही.

काम मिळालं. शेठनी सहा आठवडे मला शिकवलं. दीडची वायर कुठे आणि अडीचची कुठे, कोणती एमसीबी किती अँपिअरची, कोणत्या वायरमनला किती उधारी द्यायची. माणूस तोंडाचा फटकळ, पण शिकवायला हात आखडता नव्हता. कायम राहणारा मुलगा मिळाला, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. मी ऐकून बॉक्स लावत बसायचो. जुलैत कॉलेज सुरू झालं आणि मी फोन केला, अब्बा खूप आजारी आहेत, येता येणार नाही. अब्बा त्या वेळी दारात बसून सायकलचं पंक्चर काढत होते.

पुढच्या वर्षी माझा मामेभाऊ त्याच दुकानात गेला. त्याचं शिक्षण दहावीनंतर खरंच सुटलं होतं, त्याला कायमचंच काम हवं होतं. शेठ म्हणाले, “तुमच्यातली पोरं टिकत नाहीत.” घरी येऊन त्याने हे मलाच सांगितलं.

एका मुलावरून सगळ्यांना मोजणं ही शेठची चूकच. दुसऱ्या कुणाचा मुलगा पळाला असता तर तो एकटाच पळाला असता. सगळ्या समाजाची अब्रू खिशात घेऊन कामाला जा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते ओझं अन्यायाचं आहे. मला टोचतं ते साधं आहे. मी एका माणसाचे सहा आठवडे फसवून घेतले, आणि मामेभावाला मिळू शकणारी जागा माझ्यामुळे गेली.

मदिनेच्या बाजारातली हदीस तुम्ही ऐकली असेल. पैगंबरांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलंय. त्यांनी विचारलं, मग लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस? त्या माणसाला त्यांनी बाजारातून उठवलं नाही. ओलं आहे ते दिसू दे. आपण जुलैपर्यंतच मोकळे आहोत, हे आपलं ओलं धान्य. ते वर ठेवलं की भाव कमी मिळेल, कधी मिळणारही नाही. हे मान्य करूनच मी बोलतोय.

कुणी विचारलंच नाही तर? रोजावर काम असेल तर सांगायची गरज नाही. पण कायमचा माणूस हवा असं समोरचा म्हणत असताना गप्प बसणं म्हणजे ओलं खाली ढकलणंच.

सांगायचं तर तारखांसकट सांगा: “१५ मे ते ५ जुलै, रोज नऊ तास, आणि जाण्याआधी नव्या माणसाला शिकवून जाईन.” हंगामी माणूस लागतो तिथे आधी जा. जूनमध्ये वह्या-पुस्तकांची दुकानं, प्रवेशाचे फॉर्म भरणारे सायबर कॅफे. पुणे विद्यापीठाच्या कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेत तर विद्यार्थी असणं हीच पात्रता आहे.

आणि माझ्या क्षेत्रातली एक गोष्ट. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पीएफ लागतो. तुमचा यूएएन निघाला की रुजू होण्याची आणि सोडल्याची तारीख तिथे राहते. पुढे आयटी कंपन्या पडताळणीत ती बघतात. कॉलेजच्या वर्षातली ‘कायम’ नोकरी तेव्हा समजावून सांगावी लागते. पण पकडले जाल म्हणून खरं बोला, असं मला म्हणायचं नाही. मला कुणीच पकडलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची तारखा सांगत फिरली. तीन दुकानांनी नाही म्हटलं. चौथा सायबर कॅफेवाला. त्याने एवढंच विचारलं, “५ जुलैपर्यंत नक्की ना?”

शेठकडे मी अजून गेलेलो नाही. दुकान तिथेच आहे. या ईदला सांगलीला जाईन तेव्हा जाणार आहे, इन्शाअल्लाह.

आता तुमचे प्रश्न घेऊ.