स्टिअरिंगमागचा माणूस

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाच्या दोन जागा आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर; दुसरी डोंबिवलीत, कल्याण-शीळ रस्त्यावर. मी राहतो त्या मानपाड्याचा पत्ता देताना ‘ठाण्याचा, डोंबिवलीचा नव्हे’ अशी पुस्ती जोडावी लागते. तरी एखादा पाहुणा चुकतोच. पण उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून कंटेनर घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला दोन्ही मानपाडे पक्के ठाऊक असतात. कळंबोली, तळोजा मागे टाकून तो शीळफाट्याला पोहोचला की वाट फुटते. मुंब्रा बाह्यवळण, खारेगाव, माजिवडा असे करत गुजरातकडे जाणारा ट्रक माझ्या मानपाड्यावरून जातो. कल्याणकडून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेला डोंबिवलीच्या मानपाड्यावरून. म्हणजे आपल्या घरातला फ्रिज, औषधाची बाटली, मुलांच्या वह्या यांपैकी काही ना काही या दोनपैकी एका मानपाड्यावरून गेलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

माल रोज जातो. तो नेणारा माणूस मात्र कमी होत चालला आहे. देशात बावीस लाख चालकांची कमतरता आहे, असे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी वेळोवेळी सांगितले आहे. इतकी बेकारी असलेल्या देशात ड्रायव्हर मिळत नाही, हे ऐकायला विचित्र वाटते. मग आपण सोपे उत्तर काढतो : आजकालच्या पोरांना कष्ट नकोत. मला हे उत्तर पटत नाही. रात्री अकरा वाजता मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवणारी पोरे याच पिढीतली आहेत. कष्टाला ती घाबरत नाहीत. मग ट्रककडे का वळत नाहीत?

पूर्वी ट्रक ड्रायव्हर तयार होण्याची एक शाळा होती. तिला ना इमारत होती, ना फळा. मुलगा गाडीवर क्लीनर म्हणून लागायचा. ताडपत्री बांधायची, चाक ठोकून हवा बघायची, घाटात चाकाला दगड लावायचा, उस्तादाचा चहा आणायचा. अशी चार-पाच वर्षे काढली की मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग द्यायचा. यात मारझोड होती, शोषणही होते, त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. पण हुनर हातातून हातात जात होते. आता भाडे परवडत नाही म्हणून बहुतेक मालक क्लीनर ठेवत नाहीत. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या मालवाहतूकदारांनी आंदोलन केले, त्यात क्लीनरची सक्ती काढून टाका ही एक मागणी होती. त्यांची अडचण खरी आहे. पण शाळा बंद केल्यावर विद्यार्थी कुठून येणार, हा प्रश्नही खराच आहे.

सरकारने दरवाजा रुंद करून पाहिला. व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. तरी गर्दी झाली नाही. ज्या घरात आत गेल्यावर झोपायला जागा नाही, त्याचा दरवाजा कितीही रुंद केला तरी पाहुणा उंबऱ्यावरूनच परततो.

आता आतली स्थिती पाहू. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ या संस्थेने २०२० मध्ये दहा शहरांतल्या ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. थकवा किंवा झोप असतानाही गाडी चालवतो, असे जवळजवळ निम्म्या चालकांनी सांगितले. आपल्या नात्यातल्या कुणाला हा धंदा करायला सांगणार नाही, असे म्हणणारे चौऱ्याऐंशी टक्के होते. जो धंदा करणाराच मुलाला म्हणतो, ‘बाबा, तू यात येऊ नकोस,’ त्या धंद्यात माणसे कशी टिकणार?

मागे एका रात्री मानपाड्याच्या उड्डाणपुलाजवळ एक ट्रेलर बंद पडला होता. ड्रायव्हर बीडकडचा, पंचेचाळिशीचा. मेकॅनिक येईपर्यंत मी त्याच्याशी बोलत थांबलो. “क्लीनर नाही का?” मी विचारले. म्हणाला, “नाही काका. त्यामुळं गाडी सोडून लघवीला जायचीबी चोरी. डिझेल काढून नेतात.” किती तास झाले गाडीवर, असे विचारले तर तो हसला. “चालवायचे तास सांगू का थांबायचे? गाडी चालवायचे पैसे मिळतात काका, थांबायचे मिळत नाहीत.” मुलाचे विचारल्यावर मात्र त्याचा चेहरा उजळला. “त्याला आयटीआयला घातलाय. फिटर होईल. रोज रात्री घरी तरी येईल.”

थांबण्याचे पैसे मिळत नाहीत, या त्याच्या वाक्यात सगळे दुखणे आहे. बहुतेक ड्रायव्हरांचा हिशेब फेरीवर असतो. बंदराच्या फाटकाशी रांगेत गेलेले तास, गोदामात हमालांची वाट पाहण्यात गेलेला दिवस, माजिवड्याच्या कोंडीत गेलेली संध्याकाळ, हे सारे त्याच्या खात्यावर. गेलेला वेळ भरून काढायचा एकच मार्ग त्याच्या हाती उरतो. तो म्हणजे झोप कमी करणे.

कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, आणि आपल्याकडचे बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्यांच्या छोट्या मालकांचे. पुढे २०२० मध्ये हा कायदा व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेत विलीन झाला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात वाहतूक व्यवसायासाठी कामगारांची संख्या दहा धरली आहे. म्हणजे पाचाची चाळण होती, ती दहाची झाली. एका गाडीचा ड्रायव्हर आधीही खाली पडत होता, आताही पडतो.

याउलट मालाकडे पाहा. २०१८ पासून मालासोबत ई-वे बिल लागते. साधारणपणे दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते आणि ती संपली तर दंड. मुदत अपुरी आहे, असे माझे म्हणणे नाही. पण माल किती वाजता निघाला आणि केव्हा पोहोचला पाहिजे, याची नोंद आहे. माणूस किती वाजता स्टिअरिंगवर बसला आणि त्याने केव्हा उतरले पाहिजे, याची नाही. युरोपात ट्रकमध्येच असे यंत्र असते, जे चालवण्याचे तास नोंदवते. साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटे थांबावे लागते आणि दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चालवता येत नाही. ड्रायव्हरांची टंचाई तिकडेही आहे. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि टँकर चालवायला लष्कराचे जवान बोलवावे लागले. तेव्हा कुठे तिथल्या लोकांना ड्रायव्हर नावाचा माणूस दिसला.

आपल्याला तो दिसला २०२४ च्या जानेवारीत. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत होती. तिच्याविरुद्ध चालकांनी वर्षाच्या पहिल्या दोन दिवसांत गाड्या उभ्या केल्या आणि पंपांपुढे आपल्या रांगा लागल्या. वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केल्याशिवाय तरतूद लागू करणार नाही, असे आश्वासन सरकारने दिले तेव्हा चाके फिरली. अपघातग्रस्ताला टाकून पळणे हा गुन्हाच आहे. पण थांबलो तर जमाव जिवंत सोडेल का, ही ड्रायव्हरची भीतीही खोटी नाही.

काही पावले योग्य दिशेने पडली आहेत. नव्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन असावे, असा नियम डिसेंबर २०२३ मध्ये निघाला आणि २०२५ पासून अशा गाड्या येऊ लागल्या. महामार्गांवर चालकांसाठी एक हजार विश्रांतीगृहांची घोषणा पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. याचे स्वागतच आहे. पण आपल्या दारातल्या प्रश्नाचे काय?

आमच्या घोडबंदर रस्त्यावर माणसे अवजड वाहनांना वैतागली आहेत. मेट्रोचे काम, खड्डे, गायमुखच्या घाटातली कोंडी. शाळेची बस अडकते, रुग्णवाहिका अडकते, दुचाकीवरचा तरुण ट्रकच्या चाकाखाली येतो. दिवसा अवजड वाहनांना बंदी असावी, ही मागणी रास्त आहे, आणि ठरावीक तासांची बंदी असतेही. आमच्या संकुलातल्या मंडळींनी निवेदन तयार केले, तेव्हा मराठी चांगले म्हणून मसुदा माझ्याकडे आला. मी त्यात एक कलम घातले : बंदीच्या काळात ट्रक उभे करण्यासाठी सावलीची जागा, पाणी आणि स्वच्छतागृह द्यावे. त्यावर वाद झाला. एक जण म्हणाले, “आपण आपले बघू, त्यांचे त्यांचे मालक बघतील.” मी म्हटले, “दिवसभर उन्हात तापलेल्या केबिनमध्ये ज्याला झोप लागली नाही, तोच रात्री बारा वाजता आपल्या खिडकीखालून चाळीस टन घेऊन जाणार आहे. आपलेच बघायचे तर त्याची झोप बघावी लागेल.” कलम राहिले.

मी कवितेचा माणूस. शब्दांकडे लक्ष जाते. मराठीत ‘सारथ्य’ हा केवढा मानाचा शब्द! संस्थेचे सारथ्य, पक्षाचे सारथ्य. आणि शिवी द्यायची झाली की आपण म्हणतो, ‘काय ट्रक ड्रायव्हरसारखा बोलतोस!’ रथ हाकणाऱ्याला मान आणि ट्रक हाकणाऱ्याला तुच्छता, हे आपल्या भाषेनेच ठरवून टाकले आहे. ज्या कामाला प्रतिष्ठा नाही, ज्याच्या नावावर सोयरीक अडते, तिथे पगार थोडा वाढवूनही पोरे येणार नाहीत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. थांबण्याच्या तासांचेही पैसे मिळावेत. चालवण्याच्या तासांची नोंद असावी, मग गाडी एकाची असो की शंभरांची. क्लीनरच्या शाळेच्या जागी खरीखुरी प्रशिक्षण केंद्रे उभी राहावीत आणि शिकणाऱ्याला तिथे विद्यावेतन मिळावे. आणि नागरिक म्हणून आपण जेव्हा जेव्हा ट्रकला बंदी मागू, तेव्हा त्याच अर्जात ट्रकसाठी थांबाही मागू. माल आपल्याला हवाच आहे. तो आणणारा माणूस रात्रभर जागा राहायचा असेल, तर दिवसा त्याला कुठे तरी डोळे मिटता आले पाहिजेत.