व्याध आणि त्याचा सोबती



मी व्यवसायाने डॉक्टर. खगोलशास्त्र हा माझा छंद. तरीही संयोजकांनी मला या विषयावर बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

"चंद्र पृथ्वीभोवती फिरतो" हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केले. ते अपुरे आहे. आकाशात दोन गोल एकमेकांच्या ओढीत सापडले की ते दोघेही एका सामाईक बिंदूभोवती फिरतात. गावाकडच्या मुलींची फुगडी आठवा. दोघी सारख्या वजनाच्या असतील तर फुगडीचा मध्य बरोबर दोघींच्या मधोमध येतो. परंतु आत्याने पाच वर्षांच्या भाचीशी फुगडी धरली, तर भाची मोठे रिंगण घेते आणि आत्या लहानसे. लहानसे असले तरी ते रिंगणच असते, हे लक्षात असू द्यावे. आकाशात हातांचे काम गुरुत्वाकर्षण करते. पृथ्वी चंद्राच्या ८१ पट जड. म्हणून त्यांच्या फुगडीचा मध्य पृथ्वीच्या पोटातच, केंद्रापासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर पडतो.

आता व्याधाकडे वळू. रात्रीच्या आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. १८४४ साली फ्रीड्रिश बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने दाखवून दिले की, व्याधाची वाटचाल सरळ नसून किंचित नागमोडी आहे; अर्थात त्याला ओढणारा कोणी न दिसणारा सोबती असला पाहिजे. नाडीवर बोट ठेवून छातीआडच्या हृदयाची लय ओळखावी, त्यातलाच हा प्रकार! बेसेल १८४६ साली निवर्तले. पुढे १८५१ मध्ये पीटर्स यांनी हे भ्रमण सुमारे ५० वर्षांचे असल्याचे गणिताने काढले. सोबती मात्र कोणी पाहिला नव्हता. अखेर ३१ जानेवारी १८६२ रोजी, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, अल्व्हन ग्रॅहम क्लार्क हे एका नव्या मोठ्या भिंगाची चाचणी घेत असताना त्यांना व्याधाच्या शेजारी एक मंद ठिपका दिसला. व्याधाच्या तुलनेत त्याचे तेज सुमारे दहा हजारांश आहे.

रुग्णाला आम्ही काट्यावर उभे करतो. ताऱ्याला कोठे उभे करणार? येथे भ्रमण हाच काटा. या दोघांमधील सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे २० पट आहे. २० चा घन ८,०००. ५० वर्षांचा वर्ग २,५००. भागाकार केला की ३.२ येतात. अधिक काटेकोर आकडे घेतले तर उत्तर तीनच्या किंचित वर येते, म्हणजे दोघांचे मिळून वस्तुमान तीन सूर्यांइतके. सोबत्याचे रिंगण व्याधाच्या रिंगणाच्या दुप्पट, म्हणून वाटणी दोनास एक. याप्रमाणे त्या मंद ठिपक्याच्या वाट्याला एक अख्खा सूर्य आला! आकाराने तो जेमतेम पृथ्वीएवढा आहे. त्याच्यातील चमचाभर द्रव्याचे वजन कित्येक टन भरेल. अशा ताऱ्यांना श्वेत बटू म्हणतात.

या श्वेत बटूंचे वजन किती वाढू शकते, हा प्रश्न १९३० साली भारतातून इंग्लंडला शिक्षणासाठी निघालेल्या एका १९ वर्षांच्या तरुणाने बोटीवरच्या प्रवासात हाती घेतला. तो तरुण म्हणजे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. सुमारे १.४ सूर्य ही त्यांची मर्यादा. १९३५ साली लंडनमध्ये एडिंग्टन यांच्यासारख्या मातब्बर शास्त्रज्ञाने तिची जाहीरपणे थट्टा केली. चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ मध्ये. परदेशात शिकण्यास आलेल्या आपल्या मुलांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

जाता जाता एक सांगतो. शस्त्रक्रियेची तारीख ठरविताना माझे काही रुग्ण आजही पत्रिका पुढे करतात. ज्या ओढीचे मी वर्णन केले ती वस्तुमान आणि अंतर यांवर अवलंबून असते. कोणाच्या जन्मवेळेची तिला दखल नाही. रक्तदाब ताब्यात आला की तारीख चांगली, असे मी त्यांना सांगतो.

व्याधाचा सोबती लांबट कक्षेत फिरतो. १९९४ साली तो व्याधाच्या अगदी जवळ होता, त्यामुळे त्या सुमारास तेजात हरवून जाई. त्यानंतर तो दूर सरकत गेला आणि या दशकात चांगल्या दुर्बिणीतून तो वेगळा पाहण्याची संधी आहे. हिवाळ्याच्या रात्री मृगातील तीन ताऱ्यांचा बाण शोधावा. त्याची रेषा खाली वाढवली की व्याध सापडतो. मुंबईच्या गच्चीवरून दिसतो तोच हा तारा. येथे थोडा क्षितिजाकडे झुकलेला दिसेल इतकेच. स्थानिक खगोलमंडळाकडे मोठी दुर्बीण असेल तर हवा स्थिर असलेली रात्र निवडून मुलांना घेऊन जावे. २०४४ च्या सुमारास ते दोघे पुन्हा जवळ येतील, तोपर्यंत सवड आहे.