लाइट गेली आणि राउटर कोरा

वसईतल्या वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या गाळेधारकांचा एकच प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. "साहेब, इंजिनिअर राउटर लावून गेला, महिनाभर झकास चालला. परवा लाइट गेली, परत आली, तर राउटर कोरा! बिघडला का?"

नाही हो. राउटर धडधाकट आहे. सेव्ह करायचं राहिलंय.

घरच्या वायफायच्या डब्याच्या सेटिंगमध्ये सेव्हचं बटण असतं. कारखान्यातल्या सिस्कोच्या राउटरला आपण निळी कन्सोल केबल लावतो, कॉम्प्युटरवरच्या पुटी प्रोग्राममध्ये वेग 9600 ठेवतो आणि कमांड टाइप करतो. आधी 'इनेबल', मग 'कॉन्फिगर टर्मिनल'. त्यापुढची प्रत्येक ओळ एंटर दाबताच लागू होते. नेट सुरू होतं, सगळे खूश. पण ते सगळं असतं रॅममध्ये. त्याला म्हणतात रनिंग-कॉन्फिग. राउटर चालू होताना मात्र दुसरीच फाइल वाचतो, स्टार्टअप-कॉन्फिग. ती एनव्हीरॅममध्ये असते, वीज गेली तरी टिकते. कच्च्या वहीतलं पक्क्या वहीत उतरवायचं काम आपलं, राउटर ते आपणहून करत नाही.

आता कागद-पेन घ्या. कॉन्फिग मोडमधून 'एंड' टाइप करून बाहेर या. नावापुढे नुसतं हॅशचं चिन्ह दिसलं की लिहा: कॉपी, जागा सोडा, रनिंग-कॉन्फिग, जागा सोडा, स्टार्टअप-कॉन्फिग. तो फाइलचं नाव विचारेल, काही न लिहिता एंटर दाबा. 'बिल्डिंग कॉन्फिगरेशन' आणि मग 'ओके' दिसेपर्यंत खुर्ची सोडू नका. 'राइट मेमरी' लिहिलंत तरी चालेल. पण लिहा!

यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी जुलै 2018 आठवावा. वसईत पाणी भरलं तेव्हा कुणाची बॅटरी किती टिकली?

इंजिनिअर निघायच्या आधी त्याला 'शो स्टार्टअप-कॉन्फिग' दाखवायला सांगा. मग त्याच्या देखतच राउटर बंद करून चालू करा. तो म्हणेल, गरज नाही, मला पुढच्या गाळ्यात जायचंय. त्याला चहा पाजा, पण बसवून ठेवा. चालू होताना राउटरने 'इनिशिअल कॉन्फिगरेशन डायलॉग हवा का, येस की नो' असं विचारलं, तर समजा स्टार्टअप-कॉन्फिग रिकामी आहे. बिल त्यानंतर द्या.

बाकीचं थोडक्यात. नव्या राउटरचा पोर्ट मुका असेल तर त्या पोर्टवर 'नो शटडाउन' द्या. दुरून लॉगिनसाठी टेलनेट बंद, एसएसएच चालू. मायक्रोटिकचा राउटर असणाऱ्यांना सेव्हची कटकट नाही, तो बदल लगेच जपून ठेवतो. आणि पासवर्डचा कागद राउटरवरच चिकटवणाऱ्यांना मी काय बोलू? गाळ्याची किल्ली कुलुपाला लटकवून जाता का तुम्ही?

सेव्ह करा, सेव्ह करा म्हणून मी ओरडतोय खरा, पण एका वेळी मुद्दाम करू नका. विरारला घरी बसून वालीवचा राउटर बदलताय, एक ओळ चुकली, आणि तुमचाच रस्ता बंद! म्हणून बदलाला हात घालण्याआधी 'रीलोड इन 10' द्या. सेव्ह करू का असं त्याने विचारलं तर 'नो'. आता अडकलात तरी दहा मिनिटांनी राउटर आपोआप उठतो आणि जुनी फाइल वाचतो. सगळं नीट चाललं, तर आधी 'रीलोड कॅन्सल', मग सेव्ह. ते कॅन्सल विसरलात, तर भर कामाच्या वेळात गाळ्यातलं नेट बसेल आणि पुन्हा मलाच विचाराल, "साहेब, राउटर बिघडला का?"