कातडे कमावता कमावता राज्यशास्त्र
(कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



राज्यशास्त्र म्हटले की घटनेची कलमे आणि परीक्षेची गाईडे आठवतात. आज एका निराळ्या वर्गाविषयी बोलायचे आहे.

कॅनडातील ग्लेन कुल्टहार्ड हे येलोनाइव्ह्ज डेने या आदिवासी समाजाचे. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ते राज्यशास्त्र शिकवतात. उत्तरेकडे, डेने लोकांच्या मुलखात, डेचिंता हे शिक्षणकेंद्र आहे. तिथेही ते शिकवतात. विद्यार्थी जंगलात छावणी करून राहतात, मासे धरतात, मूस या प्रचंड हरणाचे कातडे कमावतात आणि तिथेच बसून राजकीय ग्रंथ वाचतात. समाजातली म्हातारी माणसे प्राध्यापकांच्या बरोबरीने शिकवतात. लेकरे बरोबर आणलेली चालतात. (आपल्या शिबिरांत कामगार भगिनी कमी का, याचे उत्तर इथे सापडेल!)

कोणी म्हणेल, ही तर सहल झाली. पण कातड्याला पुष्कळ हात लागतात. काम कसे वाटायचे, मांस कोणाकडे किती जायचे, शिकार कुठे थांबवायची, हे ठरवणे म्हणजेच राजकारण. जमीन ही नुसती मालमत्ता नव्हे, ती कसे वागावे हे शिकवते, असे कुल्टहार्ड यांचे म्हणणे आहे. २०१४ साली आलेल्या पुस्तकात ते मार्क्सकडेही वळतात. आपण मजुरीच्या शोषणावर भर देतो. ते जमीन हिसकावण्यावर बोट ठेवतात. ते हिसकावणे भांडवलशाहीच्या आरंभी होऊन संपले नाही, आजही चालूच आहे.

हे आपल्याला झोंबले पाहिजे. येलोनाइफजवळची जायंट ही सोन्याची खाण डेने लोकांच्या भूमीवर १९४८ पासून चालली. १९९२ साली तिथे मोठा तंटा झाला, मालकाने बदली कामगार आणले. १८ सप्टेंबरला भुयारातल्या स्फोटात नऊ कामगार मेले. पुढे एका संपकऱ्याला शिक्षा झाली. कामगार चळवळीला ही खाण आठवते ती यासाठी. डेने लोकांना आठवते ती विषासाठी. खाण २००४ साली बंद पडली, पण २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड तिच्या पोटात राहिले. खाण एकच, पण दोन्ही हकिगती एका वर्गात क्वचितच शिकवल्या जातात.

झारखंड, ओडिशाच्या खाणींवर आपलेही तसेच होते. बोनसची मागणी आपण तोंडपाठ म्हणतो. खाणीसाठी गाव उठले, त्या गावाचे नाव किती पदाधिकाऱ्यांना सांगता येईल?

म्हणून सूचना ठेवतो. पुढचा अभ्यासवर्ग कचेरीत न भरवता उठवलेल्या एखाद्या वस्तीत, तिथल्या लोकांना विचारून, घ्यावा. पहिले व्याख्यान तिथल्याच एखाद्या आजीचे ठेवावे. स्वयंपाकाच्या पाळ्या मात्र इथूनच ठरवून जाऊ.