व्यायामाची वेळ

व्यायाम सकाळीं करावा कीं संध्याकाळीं, हा वाद सुशिक्षित घरांत फार जुना आहे. आणि पुष्कळदां त्या वादापायींच व्यायाम राहून जातो. डहाणू-तलासरीच्या मुलखाकडे पाहिलें असतां या वादाचा उलगडा सहज होतो.

डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर पहांटे हवा थंड व मन स्वस्थ असतें. मात्र याच सुमारास शरीराचें उष्णतामान दिवसांतील सर्वांत कमी असतें, सांधे आंखडलेले असतात आणि हृदयविकाराचे झटकेहि सकाळच्या प्रहरीं अधिक येतात. म्हणून उठल्याबरोबर धांवत सुटूं नये. प्रथम दहा मिनिटें सावकाश चालावें. दिवस कलल्यावर स्नायू ऊबदार व अधिक कार्यक्षम असतात. जोराच्या व्यायामास तो काळ अनुकूल. परंतु उन्हाळ्यांत ऊन उतरल्याखेरीज बाहेर पडूं नये. किनाऱ्याच्या दमट हवेंत घाम लवकर वाळत नाहीं व अंगांतील उष्णता कोंडून राहते.

वाळूवर चालणाऱ्यानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. आज जेथें ओहोटीची घट्ट वाळू, तेथें आठवड्यानें त्याच वेळीं पाणी! समुद्रानें वेळ बदलली म्हणून माणसानें आपली बदलूं नये. त्या दिवशीं सडक धरावी.

सन २०१३ मध्यें मुंबईची लोकल गाडी डहाणू रोडपर्यंत येऊं लागली. पहांटेची गाडी गांठणाऱ्या नोकरदारानें व्यायामासाठीं आणखी तासभर आधीं उठूं नये. झोप मोडून केलेला व्यायाम अंगीं लागत नाहीं. त्याला संध्याकाळच बरी. मात्र दमविणारा व्यायाम निजण्यापूर्वीं तासभर तरी संपवावा. जिची सकाळ चुलीपाशीं जाते, त्या गृहिणीला जेवण जिरल्यावर, चारच्या चहापूर्वीं, अर्धा तास मोकळा मिळावा. तो मिळवून देणें हें घरांतील इतरांचें काम आहे.

आणि तलासरीच्या शेतांत दिवसभर वांकून भात लावणाऱ्या वारली स्त्रीपुरुषांपुढें हा प्रश्नच नाहीं. त्यांच्या देहाला हवी विश्रांति व पोटभर अन्न. व्यायामाची वेळ निवडतां येणें ही ज्यांना लाभलेली सवड आहे, त्यांनीं ती वादांत दवडूं नये.

प्रौढ माणसानें आठवड्यास किमान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पांच दिवस अर्धा अर्धा तास. जी वेळ झोप न मोडतां, जेवणाच्या आड न येतां वर्षभर पाळतां येईल, तीच ज्याची त्याला उत्तम.