मला विचारलंच कोणी?

(भिवंडी येथे महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



समाजकार्याची एम. ए. झाले तेव्हा वाटलं होतं, बाईशी कसं बोलायचं ते आता आपल्याला कळलं. प्रत्यक्षात ते शिकवलं एका आयाबाईंनी.

मी एका दवाखान्यात काम करत होते. यंत्रमागाच्या वस्तीतली एक तेलुगू बाई हात भाजून आली. सोबत सासू. आम्ही विचारायचं, सासूनं सांगायचं. केसपेपरवर लिहिलं गेलं, ‘स्टोव्हचा भडका’. डॉक्टरांनी औषध दिलं, सिस्टरांनी ड्रेसिंग केलं, मी फॉर्म भरला. तिघांनीही आपापलं काम चोख केलं. दोन महिन्यांनी तीच बाई डोकं फुटून आली. तेव्हा आयाबाई म्हणाल्या, “मॅडम, मागच्या खेपेलाच कपडे बदलताना मी तिच्या पाठीवरचे वळ बघितले होते. तेलुगू मला येतं. पण मला विचारलंच कोणी?”

त्या दिवशी सिस्टरांनी सासूला युक्तीनं बाहेर बसवलं. आयाबाईंनी दुभाष्याचं काम केलं. डॉक्टरांनी सगळ्या जखमा तपासून, ती सांगत होती तसं नोंदवलं. पुढे काय करायचं ते तिलाच ठरवू दिलं. चौघांच्या मिळून एका बाईकडे बघण्याला अर्धा तास पुरला.

आपण ‘डॉक्टर निर्दय’ म्हणून मोकळ्या होतो. पण डॉक्टर जखम शिकतात, सिस्टर शुश्रूषा शिकतात, आपण समुपदेशन शिकतो. एकत्र बसून शिकायला कोणी शिकवत नाही. आणि आयाबाईंना तर खुर्चीही मिळत नाही.

हे बदलता येतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. तिथं रुग्णालयातल्याच कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन प्रशिक्षक केलं गेलं. हिंसा हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे सहकाऱ्यानं सहकाऱ्याला सांगितलं. जामखेडला तर आरोळे दांपत्यानं १९७० च्या दशकापासून कमी शिकलेल्या गावकरी बायांना आरोग्यसेविका केलं.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईवर सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयानं मोफत उपचार केलेच पाहिजेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ‘दोन बोटांची तपासणी’ बंद केली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं, ती करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं जाईल, असं बजावलं. पण हा कागद कॅज्युअल्टीतल्या रात्रपाळीपर्यंत पोचला का?

म्हणून आपली मागणी साधी आहे. प्रत्येक रुग्णालयात महिन्यातून एकदा डॉक्टर, सिस्टर, आया आणि समाजसेविका यांनी एका टेबलाशी बसावं. बाईचं नाव गुप्त ठेवून एका केसवर बोलावं. काय दिसलं, काय सुटलं? दुभाषी म्हणून नातेवाइकाला कधीही घेऊ नये.

आणि सुरुवात आयाबाईंपासून करावी. त्यांना आधी विचारावं.