रक्त वाढवणारं अन्न आपल्याच शिवारात

खुरपणीला बसलेली बाई उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून क्षणभर थांबते. पाण्याची घागर आणताना तिला धाप लागते. आपण म्हणतो, काम फार झालं, शीण आला. पण रात्रभर झोप झाल्यावरही हा शीण जात नसेल, ओठ, नखं आणि खालच्या पापणीची आतली बाजू फिकट दिसत असेल, तर तो नुसता कामाचा शीण नव्हे. अंगात रक्त कमी असल्याची ती खूण असू शकते. डॉक्टर याला पांडुरोग किंवा रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळलं. तेव्हा हा प्रश्न घराघरातला आहे.

रक्त लाल दिसतं ते त्यातल्या लोहयुक्त द्रव्यामुळे. हे द्रव्य श्वासातला प्राणवायू सगळ्या अंगाला पोहोचवतं. लोह कमी पडलं की हे काम मंदावतं आणि माणूस लवकर थकतो. पाळीत दर महिन्याला रक्त जातं, बाळंतपणात जातं, म्हणून बाईला पुरुषापेक्षा लोह जास्त लागतं. पुरुषाला रोज सुमारे १९ मिलिग्रॅम, तर बाईला २९ मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळावं, असं आपल्याकडचे आहारतज्ज्ञ सांगतात. गरोदरपणी गरज आणखी वाढते.

आता हे लोह आणायचं कुठून? बाजारातल्या महागड्या डब्यांकडे पाहायची गरज नाही. १०० ग्रॅम बाजरीत ६ मिलिग्रॅमहून अधिक लोह असतं. ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम असतं, पण पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात १ मिलिग्रॅमही नसतं. बाजरीच्या दोन मध्यम भाकरी खाल्ल्या तर बाईच्या दिवसाच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा भागतो. नाचणीचा मोठा गुण वेगळा. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असतं. हाडांसाठी ती उत्तम.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली, त्यांतल्या अनेकांना पुढे भाकरी म्हणजे गरिबी आणि पोळी-भात म्हणजे सुबत्ता असं वाटू लागलं. पोळी जरूर खावी, भातही खावा. पण त्यापायी ज्वारी-बाजरी ताटातून हद्दपार करू नये. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी आपण आवडीने खातो. तेच जेवण थंडीभर करायला हरकत काय?

बाजरी पेरणाऱ्यांसाठी एक माहिती. ‘धनशक्ती’ हा लोह अधिक असलेला बाजरीचा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. तो संकरित नाही, सुधारित आहे. त्यामुळे चांगली कणसं निवडून घरचं बी ठेवता येतं. महाराष्ट्रातल्या ग्रामीण शाळकरी मुलांना काही महिने रोज दोन वेळा लोहयुक्त बाजरीची भाकरी देऊन तपासणी केली, तेव्हा त्यांच्या अंगातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरात वेगळं खाण्यासाठी निदान दोन-चार गुंठे हा वाण लावून पाहा.

बाजरीचं पीठ मात्र लवकर कडू होतं. त्यात तेलाचा अंश असतो, तो खवट होतो. म्हणून आठवड्यापुरतंच दळून आणावं.

आता मुद्द्याची गोष्ट. धान्य आणि भाजीत लोह आहे म्हणजे ते सगळं अंगी लागतं असं नाही. १०० भागांतले फार तर ५ ते १० भाग रक्तात जातात, बाकीचे तसेच बाहेर पडतात. हा वाटा वाढवणं आपल्या हाती आहे.

पहिली गोष्ट, जेवताना आंबट हवं. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. हे जीवनसत्त्व उष्णतेने नासतं, म्हणून लिंबू भाजी चुलीवरून उतरवल्यावर पिळावं. दुसरी गोष्ट, जेवणाला लागून चहा नको. चहातला तुरट अंश लोहाला धरून ठेवतो. भाकरी आणि चहा ही न्याहारी पुष्कळ घरांत चालते, ती मोडावी. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचं अंतर ठेवावं. तिसरी गोष्ट, मटकी, हुलगे, चवळी भिजवून मोड आणावेत. धान्या-कडधान्यांत लोह अडवून ठेवणारा जो अंश असतो, तो मोड आल्याने कमी होतो. चौथी गोष्ट, लोखंडी कढई आणि तवा वापरात ठेवावा. आंबट आमटी त्यात थोडी काळपट होते, पण तेवढंच लोह पोटात जातं.

भाजी तर बांधावर उभी असते. शेवग्याचा कोवळा पाला, तांदुळजा, माठ, अंबाडी, चाकवत, करडईची कोवळी पानं, यांपैकी एखादी भाजी रोज ताटात असावी. आधी धुवावी, मग चिरावी. शिजवलेलं पाणी फेकू नये. मात्र तणनाशक वा कीटकनाशक फवारलेल्या रानातली भाजी खुडू नये. मांसाहार करणाऱ्यांनी मटण, कलेजी, सुकट खावी. त्यातलं लोह जास्त लवकर अंगी लागतं. गूळ-शेंगदाणे चांगलेच, पण नुसत्या त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

एवढं करूनही रक्त कमी राहिलं तर? पोटातले जंत रक्त शोषतात. अंकुशकृमी तर ओल्या मातीतून अनवाणी पायांतून शिरतात. म्हणून शेतात जाताना पायांत वहाण हवी, आणि उघड्यावर शौचाला बसू नये.

रक्त फारच उतरलं असेल तर आहार एकटा पुरा पडत नाही, आणि पाल्याचे काढेही पुरे पडत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं तर ते कमी समजतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचा आजारही आढळतो, तेव्हा त्याचीही तपासणी करावी. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. गरोदर बाईने रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस घ्यायच्या. शौचाला काळं होतं, थोडं मळमळतं, म्हणून घाबरून गोळ्या सोडू नयेत. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. मुलाने मूठभर गिळल्या तर जिवावर बेततं.

शेवटी पुरुष मंडळींना एक सांगणं आहे. पुष्कळ घरांत बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते. तोवर भाजी संपलेली असते, उरते कालवणाची तळी आणि शिळा तुकडा. मग शिवारात कितीही पिको, तिच्या अंगी काय लागणार? गाभण गाईपुढे आपण आधी वैरण टाकतो. घरच्या लक्ष्मीचं ताटही आपल्याबरोबर वाढलं जावं, आणि भाजीचा तिचा वाटा आधी काढून ठेवावा. याला पैसा लागत नाही.

लक्षात ठेवा:
१. थंडीत बाजरी, इतर दिवसांत ज्वारी-नाचणी ताटात असू द्या.
२. रोज एक पालेभाजी, आणि वर लिंबू.
३. जेवणाला लागून चहा नको.
४. कडधान्याला मोड आणा, कढई लोखंडी ठेवा.
५. शीण जात नसेल तर रक्त तपासा.
६. घरात सगळे एका पंगतीला जेवा.